थोडे गडी, थोडी जागा : फुटबॉलचा पहिला धडा



फुटबॉल हा आपल्या जिल्ह्याचा लाडका खेळ आहे. कोल्हापूरची ओळख जशी कुस्तीची, तशी फुटबॉलचीही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे मूळची तालमींची. परंतु त्याच तालमींचे संघ राजर्षी शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात आणि मोठा सामना असला म्हणजे पेठेच्या पेठ मैदानाकडे लोटते. आपल्या शेजारच्या गडहिंग्लजलाही फुटबॉलचे वेड जुने आहे.

२०१७ साली ऑक्टोबर महिन्यात सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा आपल्या देशात झाली. भारताच्या त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारत तिन्ही सामने हरला खरा; पण ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जीक्सन सिंगने जो गोल केला, तो फिफाच्या विश्वचषकातील भारताचा पहिला गोल ठरला.

हे झाले मोठ्यांचे. आता आपण कसे खेळतो ते पाहू. चेंडू एक आणि पोरे वीस-बावीस. चेंडू जिकडे जाईल तिकडे सगळी एकदम धावतात. जणू आग्या मोहोळच उठले! त्या गर्दीत ज्याचे अंग मोठे त्याच्या पायाला चेंडू लागतो. बाकीचे नुसते पळतात. घंटा होते, सगळे घामाघूम होऊन वर्गात येतात. पण कितीतरी जणांच्या पायाला चेंडू एकदासुद्धा लागलेला नसतो.

मग आपण म्हणतो, "त्याला खेळायला येत नाही, त्याला घेऊ नका." पण नीट विचार करा. येत नाही म्हणून चेंडू मिळत नाही, आणि चेंडू मिळत नाही म्हणून येत नाही. ही गाठ सोडवायची कशी, तेच या धड्यात पाहावयाचे आहे.

१. एक सोपे गणित

समजा, आपण २४ मिनिटे खेळलो. म्हणजे १४४० सेकंद झाले. चेंडू सर्वांकडे सारखा वेळ राहिला असे धरू.

२२ गडी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला आले सुमारे ६५ सेकंद.
८ गडी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला आले १८० सेकंद.
६ गडी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला आले २४० सेकंद.

प्रत्यक्षात चेंडू बाहेर जातो, मोकळाही फिरतो, म्हणून आकडे याहून कमी येतील. परंतु हिशेब तोच राहतो. गडी कमी, तर चेंडू जास्त. पोहायला शिकायचे तर पाण्यात उतरावे लागते. काठावर बसून कुणी पोहायला शिकत नाही. तसेच फुटबॉलचेही आहे. पायाला चेंडू जितक्या वेळा लागेल, तितका पाय शहाणा होतो.

म्हणून २२ जणांचा एक खेळ मांडण्यापेक्षा चार-चार जणांचे दोन खेळ शेजारी शेजारी मांडावेत. उरलेल्यांनी दर आठ मिनिटांनी पाळी घ्यावी. दुसरा चेंडू नसेल तर जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून, तोंड शिवून चेंडू करता येतो. ब्राझीलचा जगप्रसिद्ध खेळाडू पेले लहानपणी गरिबीमुळे असाच मोज्याचा चेंडू खेळत असे.

२. लहान खेळ म्हणजे पोरखेळ नव्हे

काहींना वाटेल, चार-चार जणांचा कसला फुटबॉल! परंतु दक्षिण अमेरिकेत उरुग्वे नावाचा छोटा देश आहे. १९३० साली पहिला विश्वचषक त्याच देशाने जिंकला. त्याच वर्षी तेथील माँटेव्हिडिओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी नावाच्या शिक्षकांनी मुलांसाठी पाच-पाच जणांचा फुटबॉल सुरू केला. जागा कमी, म्हणून गडी कमी. त्याच खेळाला पुढे 'फुटसाल' असे नाव पडले आणि आता त्याचाही जागतिक विश्वचषक होतो. ब्राझीलचे कित्येक नामवंत खेळाडू लहानपणी हाच खेळ खेळून तयार झाले. थोड्या जागेत गडी अंगावर लवकर येतो. त्यामुळे चेंडू पायाजवळ ठेवावा लागतो आणि विचारही झटपट करावा लागतो.

३. मैदान व चेंडू

चार-चार गड्यांसाठी सुमारे २५ पावले लांब आणि १५ पावले रुंद जागा पुरते. मोठ्यांच्या मैदानावरचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. आपल्याला एवढा गोल नको. दोन मोठ्या पावलांइतका गोल करावा आणि गोलकी ठेवूच नये. म्हणजे सर्वांना पळायला मिळते आणि गोल मारताना नेम धरावा लागतो.

गोलाच्या खुणेला दगड ठेवू नयेत, पडल्यास डोके फुटते. चपला किंवा दप्तरे ठेवावीत. विहीर, डांबरी रस्ता, विजेचा खांब व त्याचा ताण यांच्यापासून लांब खेळावे.

दिवाळीच्या सुमारास भातकापणी झाली म्हणजे आपल्याकडे जागेला तोटा नसतो. परंतु कापलेल्या भाताची धसकटे अनवाणी पायाला टोचतात. त्यापेक्षा मळणी उरकून धान्य घरी गेल्यावर मोकळे झालेले खळे बरे. जमीन सपाट आणि टणक असते. मात्र ज्यांचे शेत त्यांना आधी विचारावे. "काका, खळ्यावर खेळू का?" एवढे विचारायला कष्ट पडत नाहीत.

चेंडूलाही नंबर असतात. मोठ्यांचा ५ नंबर, त्याचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम. आपल्या वयाच्या मुलांना ४ नंबरचा चेंडू ठीक. त्याचा परीघ ६३.५ ते ६६ सेंटिमीटर असतो. आपल्याकडचा चेंडू कितीचा आहे हे पाहावयाचे असल्यास त्याच्या मध्यावरून सुतळी गुंडाळावी आणि ती सुतळी पट्टीने मोजावी. चेंडूत हवा दगडासारखी ठासून भरू नये. अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबला म्हणजे बेताची हवा आहे असे समजावे.

बूट नाहीत म्हणून कुणी मागे राहू नये. १९११ साली कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या इंग्रज पलटणीच्या संघाला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा त्यांच्या अकरांपैकी एकच जण बूट घालून खेळला होता, बाकीचे दहा अनवाणी! तथापि, खेळण्याआधी जागेवरील काचा, खिळे, काटे सर्वांनी मिळून वेचावेत. आणि एक बूटवाला व बाकी अनवाणी असे झाले, तर बूटवाल्याने बूट काढून ठेवावेत. नाहीतर दुसऱ्याच्या बोटांची खैर नाही.

४. गडी कसे पाडावेत

दोन कप्तान उभे राहतात आणि एकेक गडी मागून घेतात. शेवटी नेहमी तीच दोन-तीन मुले उरतात. "हा तुला राहू दे," "नको, तुलाच राहू दे," असे त्यांच्यासमोरच बोलले जाते. ज्याला असे रोज ऐकावे लागते, तो पुढे मैदानावर येतच नाही. आपला एक गडी कायमचा गेला!

म्हणून जोड्या पाडाव्यात. साधारण सारख्या ताकदीचे दोघे एका जोडीत. जोडीने बाजूला जाऊन गुपचूप नावे घ्यायची. एक सूर्य, एक चंद्र. मग येऊन विचारायचे, "सूर्य पाहिजे की चंद्र?" कप्तान नाव सांगेल तो त्याच्याकडे, दुसरा पलीकडे. संघ सारखे होतात आणि शेवटी कुणी उरत नाही.

५. शिकायच्या पाच गोष्टी

(अ) चेंडू थांबवणे. सर्वांत आधी हे शिकावे. झाडावरून पडणारा आंबा झेलताना आपण हात ताठ ठेवत नाही. आंबा हातात येताच हात थोडे खाली नेतो. नाहीतर आंबा उडतो किंवा फुटतो. पायाचेही तसेच. चेंडू येताना पायाची आतली बाजू पुढे करावी आणि चेंडू टेकताच पाय थोडा मागे घ्यावा. चेंडू निमूटपणे पायाशी थांबतो. पाय ताठ राहिला तर तो भिंतीवर आपटल्यासारखा दूर जातो आणि दुसरा घेऊन पळतो.

(आ) पास देणे. नवीन मुलगा चेंडू अंगठ्याने मारतो. अंगठ्याचे टोक लहान, चेंडू गोल. नेम जरासा चुकला की चेंडू भलतीकडे जातो आणि नख दुखावते ते वेगळेच. पायाची आतली बाजू रुंद आहे, तिने मारावे. दुसरा पाय चेंडूच्या शेजारी टेकवावा आणि त्याची बोटे जिकडे पास द्यायचा तिकडे करावीत. घोटा घट्ट ठेवावा. चेंडूच्या मध्यावर मारले म्हणजे तो जमिनीलगत सरळ जातो. जोर हवा तेवढाच लावावा. मित्राला ताक द्यायचे तर हातात देतो, अंगावर फेकत नाही!

(इ) आधी बघणे. चेंडू पायात आल्यावर "आता कुणाला देऊ?" असे शोधू लागलो तर उशीर होतो. चेंडू आपल्याकडे येण्याआधीच एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मान वळवून पाहावे. आपला गडी कुठे, दुसऱ्याचा कुठे, मोकळी जागा कुठे. रस्ता ओलांडताना आपण जसे दोन्हीकडे पाहतो, तसेच. ही सवय लागली म्हणजे कमी पळणाराही चांगला खेळतो.

(ई) देऊन हलणे. पास दिला आणि तिथेच कमरेवर हात ठेवून उभे राहिले, असे करू नये. पास दिला की लगेच मोकळ्या जागेत जावे, म्हणजे मित्राला परत देता येते. चेंडूवाल्याच्या दोन बाजूंना दोन गडी असावेत. तिघांचा त्रिकोण झाला पाहिजे. तिघे एका रेषेत आले तर मधला गडी वाट अडवतो. भूमितीचा त्रिकोण वहीत काढतो, तो इथे पायांनी काढायचा. मोहोळ मोडण्याचा उपाय हाच. चेंडूच्या मागे एकानेच जावे, बाकीच्यांनी पसरावे.

(उ) अडवणे. समोरचा चेंडू घेऊन आला की आपण एकदम त्याच्या पायांवर झेप घेतो. तो चेंडू जरासा बाजूला करतो आणि आपण मातीत. आट्यापाट्यांत पाटीवरचा गडी काय करतो ते आठवा. तो उगाच उडी घेत नाही. तोंड समोर, गुडघे थोडे वाकलेले, नजर पक्की. तसेच उभे राहावे. साधारण एक हात अंतर ठेवून, अंग थोडे तिरपे करून त्याला गोलापासून दूर ढकलत न्यावे. नजर त्याच्या अंगाकडे नको, चेंडूकडे हवी. चेंडू त्याच्या पायापासून लांब गेला की त्याच क्षणी पाय घालावा.

६. एकट्याने करायचा सराव

सोबतीला कुणी नसले तरी अडत नाही. रोज दहा मिनिटे पुरेत. गोठ्याच्या मागची भक्कम भिंत पाहावी, घरच्यांना विचारावे आणि पाच पावलांवरून चेंडू भिंतीवर मारून परत येणारा थांबवावा. (शाळेच्या या भिंतीवर मात्र नको. हा अंक फाटेल आणि गुरुजी कान धरतील!) वीस वेळा उजव्या पायाने, वीस वेळा डाव्या पायाने.

डावा पाय सुरुवातीला ऐकत नाही. पहिलीत हातात पेन्सिल आली तेव्हा अक्षर तरी कुठे सरळ येत होते? गिरवून गिरवून वळण आले. पायालाही गिरवावे लागते.

आणखी एक. पाच चपला एकेका पावलावर ओळीने ठेवाव्यात आणि चेंडू पायाशी ठेवून नागमोडी न्यावा. आधी चालत, मग हळू धावत. मध्येच मान वर करून समोर पाहावे. चेंडूकडे सतत न पाहता तो नेता आला, म्हणजे एक इयत्ता पास झालो असे समजावे.

आपल्या चंदगड भागात पाऊस फार. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल, चेंडू जिथल्या तिथे रुततो. त्या दिवसांत पडवीत किंवा व्हरांड्यात मोज्याच्या चेंडूने पास व थांबवणे यांचा सराव करावा. तो चेंडू उसळत नाही, त्यामुळे कौले व काचा शाबूत राहतात. वीज कडाडत असेल तर मात्र उघड्यावर किंवा झाडाखाली थांबू नये, लगेच घरात यावे.

७. आपल्या लहान खेळाचे नियम

१) गोल मानण्यापूर्वी त्या संघातील निदान तिघांच्या पायाला चेंडू लागलेला असावा.
२) चेंडू बाहेर गेल्यास हाताने न फेकता रेषेवर ठेवून पायाने आत द्यावा.
३) चेंडू गुडघ्याच्या वर मारू नये.
४) मागून पाय घालणे, ढकलणे, घसरत येऊन पाय मारणे बंद.
५) कुणी पडला तर खेळ थांबवावा. आधी माणूस, मग गोल.
६) एका बाजूने तीन गोल जास्त केले तर दोन्हीकडचा एकेक गडी बदलून संघ पुन्हा सारखे करावेत.
७) ज्याचा चेंडू त्याचाच हुकूम, असे नाही. भांडण झाल्यास चेंडू मध्यावर ठेवून पुन्हा सुरू करावा.

पहिला नियम ऐकून मोठी मुले कुरकुरतील. "मी एकटा नेऊन गोल मारतो की!" म्हणतील. परंतु मोठ्याला खरे शिकायला मिळते ते याच नियमाने. एकट्याने चार लहान मुलांना चुकवणे सोपे आहे. लहान मुलाला जमेल असा पास त्याच्या पायात देणे अवघड आहे. ज्याला ते जमले तो खरा खेळाडू.

८. पालकांसाठी चार शब्द

आई-बाबांनो, "खेळून काय पोट भरणार आहे?" असे घरोघरी म्हटले जाते. शेतातली कामे असतात, गुरे असतात, पाणी भरायचे असते, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून आमचे मागणे मोठे नाही. शाळा सुटल्यावर अर्धा तास द्यावा. कामे आम्ही करूच. जो मुलगा दुसऱ्याची वाट पाहतो, पास देतो आणि हरल्यावर हात मिळवतो, तो वर्गातही शेजाऱ्याला गणित समजावून सांगतो.

दुसरी गोष्ट मुलींची. "पोरीनं कशाला बॉल लाथाडायचा?" असे काही आजी म्हणतात. आजींना सांगावेसे वाटते की २०२२ साली ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचाही विश्वचषक भारतात झाला. त्यातले काही सामने आपल्या घाटाखाली, गोव्यात मडगावला झाले आणि अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत झाला. स्पेनच्या मुलींनी कोलंबियाच्या मुलींना १-० असे हरवले. जगभरातल्या मुली आपल्या राज्यात येऊन खेळून गेल्या, मग आपल्याच गावच्या मुलींनी बांधावर उभे राहून चपला का राखाव्यात? चार गड्यांच्या संघात दोन मुली सहज बसतात.

तिसरी गोष्ट काळजीची. पायाला जखम झाली तर माती किंवा तंबाखू लावू नये. स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. खिळा वा पत्रा लागला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे, धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल का ते तेथे सांगतील. मुरगळलेल्या पायाने दुसऱ्या दिवशी खेळायला सोडू नये. खेळून आल्यावर पाणी आणि मूठभर शेंगदाणे-गूळ मिळाला तर आमची दुसरी मागणी नाही.

९. करून पाहा

आठ जणांची नावे वहीत लिहा. दोघांनी बाहेर बसून, चेंडू ज्याच्या पायाला लागेल त्याच्या नावापुढे एक उभी रेघ मारा. पाचवी रेघ आडवी मारली म्हणजे मोजायला सोपे जाते. आधी दहा मिनिटे मोहोळाचा खेळ खेळा. मग दहा मिनिटे चार-चारांचा, तिघांच्या पायांचा नियम लावून खेळा. दोन्ही वेळच्या रेघा मोजा व स्तंभालेख काढा. सर्वांत कमी रेघा कुणाच्या आहेत ते पाहा. दुसऱ्या दिवशी पहिला पास त्यालाच द्या.

स्वाध्याय

१) चेंडू थांबवताना पाय मागे का घ्यावा?
२) अंगठ्याऐवजी पायाच्या आतल्या बाजूने पास का द्यावा?
३) ७ जणांच्या दोन संघांत २१ मिनिटांचा खेळ झाला. चेंडू सर्वांकडे सारखा वेळ राहिला, तर प्रत्येकाला किती सेकंद मिळाले? (उत्तर : ९०)
४) तुमच्या वाडीत रोज बाहेर बसून पाहणारा एखादा मुलगा किंवा मुलगी आहे का? त्यांना उद्या खेळायला बोलवा.

मित्रांनो, आपल्यातला प्रत्येक जण काही शाहू स्टेडियमवर खेळणार नाही, विश्वचषकात तर नाहीच नाही. परंतु आपल्या खळ्यावर प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागावा, हे मात्र आपल्याच हातात, नव्हे, आपल्याच पायात आहे!